गुडघ्यांखालच्या उशीचा संशय

मित्रांनो म्हणते खरी, पण तुम्ही मित्र आहात की नाही ते अजून ठरायचं आहे. जरा लांबच उभे राहा. आणि आधी बूट दाखवा. मागे अशीच काही गोड चेहऱ्याची मुलं माझ्याभोवती जमली होती आणि त्यातल्या एकाने बुटाचा चिखल माझ्या पोटाला पुसला. तेव्हापासून गोड चेहरा दिसला की मी आधी पायांकडे बघते.

बरं, ऐकायचंच असेल तर ऐका. एका चर्चमधली मी जुनी उशी. डोक्याखाली घ्यायची नव्हे, गुडघ्यांखाली घ्यायची. लोक प्रार्थनेला गुडघे टेकतात, तेव्हा फरशी टोचू नये म्हणून मी. एरवी पुढच्या बाकाच्या पाठीला एका हुकावर लटकलेली असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते.

मी अशी संशयी का, तर त्याचं मूळ माझ्या जन्मातच आहे. चर्चच्या मागच्या खोलीत बायकांचं शिवणमंडळ जमायचं. निळं जाड कापड, आत कापूस, कडेने दुहेरी टाका आणि टांगायला एक नाडी, अशा आम्ही उशा तिथे शिवल्या गेलो. मला शिवायला बसलेली मावशी गप्पांत रंगली आणि तिच्या वाटणीचा कापूस शेजारणीने पळवला. माझं पोट अर्धं रिकामं! मावशीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिशवीतून नवऱ्याचा जुना लोकरी मोजा काढला, माझ्या पोटात कोंबला आणि भराभर टाके घातले. वर सगळ्यांना दाखवते काय, "बघा गं, कशी गच्च भरलीय!" सगळ्या म्हणाल्या, "वा! हिचीच सगळ्यात छान झालीय."

जिला पहिली शाबासकीच मोज्यामुळे मिळाली, ती जगावर विश्वास कसा ठेवणार? मला कायम वाटत आलं, की वरून नीटनेटक्या दिसणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात एखादा मोजा असणारच.

नव्या होतो तेव्हा आमचं कौतुक फार. पाळकसाहेब एकदा उपदेशात म्हणाले, "या उशांकडे बघा. खाली राहतात, वजन सोसतात आणि बोलत नाहीत." पुढे काही दिवस लोक आम्हाला अगदी दोन्ही हातांनी उचलायचे. मग विसरले. कोणी पाठीला लावून डुलक्या काढल्या, कोणी पोराला उंच दिसावं म्हणून त्याच्या बुडाखाली सारलं, पोरांनी तर आमच्या ढाली केल्या. आतल्या कापसाचे गोळे झाले. हे सगळं चालायचंच, असं म्हणून आम्ही लटकत राहिलो.

चर्चला येणाऱ्या माणसांची एक गंमत सांगते. जागा कोणाच्याच नावावर नसते, पण प्रत्येकाची ठरलेली असते. निवृत्त मास्तर दुसऱ्या बाकावर खिडकीशी. नर्सताई मधल्या बाकावर. बेकरीवाले दाराजवळ, कारण त्यांचा निम्मा जीव भट्टीत अडकलेला. एखादा नवखा चुकून मास्तरांच्या जागी बसला, तर मास्तर त्याला काही बोलत नाहीत. नुसते शेजारी उभे राहून खाकरत राहतात, तो उठेपर्यंत. एका रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, की मोठेपणा नको, मागच्या जागी बसायला शिका. पुढच्या रविवारी बघावं तर मागच्या बाकावर ही रेटारेटी! "मी आधी आलो." "अहो, मी कालच ठरवलं होतं मागे बसायचं." नम्रतेपायी दोघांची भांडणं व्हायची वेळ आली. त्याच्या पुढच्या रविवारी सगळे मुकाट्याने आपापल्या जुन्या जागी. म्हणून आम्हा उशांचीही माणसं ठरलेली राहिली.

माझ्या वाट्याला आले टॉर्चकाका. ते आमच्या चर्चचे पंच. पूर्वी कुठल्याशा मोठ्या गोदामात तपासनीस होते. पोत्यात बोट घालून आतला माल सांगायचे म्हणे. नोकरी संपली, पण बोट घालायची सवय गेली नाही. अंधारात, उजेडात, जिथे तिथे डोकावायचं, म्हणून लोकांनी त्यांचं नाव टॉर्चकाका पाडलं. प्रार्थनेत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. "हे प्रभू, मी एक क्षुद्र किडा आहे!" हे असं दणदणीत म्हणायचे, की खिडकीतलं कबूतर उडावं.

आणि हा किडा गुडघा टेकायचा का? छे! डावा गुडघा माझ्यावर, आणि उजवा माझ्या वर जरासा अधांतरी. पुढचा बाक दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती! पण मला कळायचं ना, वजन कुठे पडतंय ते. देवापुढेही हा माणूस पुरता वाकायला तयार नाही, असं मी मनात पक्कं धरलं. प्रार्थना संपता संपता त्यांच्या कपाळावरचा घाम टपकन माझ्यावर पडायचा. एवढं ओरडल्यावर घाम येणारच, दुसरं काय.

दुसरा माझा संशय होता आरसेबाईंवर. त्या आमची पायपेटी वाजवत. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी सूर काढायचे, अशी ती जुनी पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. पाळकसाहेबांची खूण दिसावी म्हणून पेटीवर एक आरसा टांगलेला. बाईंचं बाजारात ब्यूटी पार्लर होतं, ओठांना लिपस्टिक, येताना अत्तराचा वास आधी आणि बाई नंतर. सगळे डोळे मिटून प्रार्थनेत, आणि ह्या आरशात बघतायत! मी हुकावरून सगळं बघत होते. बायका कुजबुजायच्या, "देवाच्या दारीसुद्धा आरसा सुटत नाही हिला." मी म्हणायचे, खरंय गं बायांनो.

आणि मग आमच्यातल्या उशा नाहीशा व्हायला लागल्या.

पहिल्यांदा मास्तरांची गेली. हूक रिकामा. सगळीकडे शोधाशोध. पुढच्या रविवारी उशी जागेवर हजर! पण ती पूर्वीची राहिली नव्हती. डावीकडे फुगलेली, उजवीकडे चपटी, गालगुंड झाल्यासारखी. मग नर्सताईंची गेली. ती परत आली ती मागच्या बाजूला एक वळकटी शिवून घेऊन. बेकरीवाल्यांची तर इतकी टणक होऊन आली, की विटेला लाज वाटावी. टॉर्चकाकांनी प्रत्येक उशी उचलली, वजन केल्यासारखी हातावर तोलली, बोटांनी दाबली आणि जाहीर केलं, "आतला माल बदललाय."

झालं! इतकी वर्षं एकमेकांना "शांती असो" म्हणणारी माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायला लागली. हात मिळवायचा, पण नजर समोरच्याच्या बगलेतल्या पिशवीवर. मोठी पर्स घेऊन येणाऱ्या एका काकूंनी रागाने पर्स आणायचीच बंद केली. बेकरीवाले उपासनाभर स्वतःच्या उशीवर बसून राहायला लागले, गाण्यालाही उठेनात. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मी एकटीच संशय घेत होते, आता सगळी मंडळी माझ्या बाजूला आली होती.

आणि एका शनिवारी माझीच पाळी आली. चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. सराव संपवून आरसेबाई उठल्या, सरळ माझ्याकडे आल्या आणि मला हुकावरून काढून भाजीच्या पिशवीत घातलं. वर कोथिंबिरीची जुडी! मी आत गुदमरत म्हटलं, सापडली, चोर सापडली. पार्लरच्या मागच्या खोलीत नेऊन बाईंनी मला टेबलावर ठेवलं, कात्री घेतली आणि माझं पोट उसवलं. त्यांचा हात आत गेला आणि माझा जन्मभराचा मोजा बाहेर आला.

मला वाटलं, आता हसतील. पण त्यांनी तो मोजा उलटसुलट करून बघितला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "बाबांचा मोजा! आई, कमाल आहे तुझी." म्हणजे मला शिवणारी मावशी ही यांची आई होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते मोज्यालाच पुसलं. तरीही माझा विश्वास बसला नाही. रडून चोरी करणारे काय थोडे असतात? त्यांनी मोजा होता तिथे परत ठेवला, कापूस पिंजून भरला आणि माझ्या उजव्या अंगाला मात्र एक खळगा केला. चांगला वाटीएवढा खोल खळगा! भोवती कापसाची मऊ कड, मधे काहीच नाही. मला अस्सा राग आला! चोरते ती चोरते, वर कुरूप करून परत पाठवते.

रविवारी मी हुकावर होते. टॉर्चकाकांनी मला दाबून बघितलं, खळग्यात बोट घातलं आणि दातओठ खाल्ले. त्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी मला हातच लावला नाही. डावा गुडघा उघड्या फरशीवर आणि उजवा तसाच अधांतरी.

त्याच आठवड्यात आणखी एक उशी गेली, ती शेवटच्या बाकावरची. ती राखणदाराची. चर्चच्या मागे दोन खोल्यांत तो, त्याची बायको आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई राहायची. झाडलोट, घंटा, कुलूपकिल्ली, सगळं त्याच्याकडे. पंचांची बैठक माझ्याच बाकाजवळ बसली, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाहेरचा चोर वस्तू परत आणून देईल का?" टॉर्चकाका म्हणाले. "किल्ली कोणाकडे असते? राखणदाराकडे. आतला चांगला कापूस काढतोय आणि चिंध्या भरतोय."

"पण आता तर त्याचीच उशी गेलीय," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"तेच तर! स्वतःची नेली म्हणजे कोणी संशय घेणार नाही. चोराच्या मनात चांदणं!"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. त्यांना पटलं नव्हतं, पण टॉर्चकाकांपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. मग राखणदाराला बोलावलं. तो हातातला फडका घेऊन तसाच उभा राहिला.

"रविवारपर्यंत कबूल व्हा," टॉर्चकाका म्हणाले, "नाहीतर खोल्या रिकाम्या करा. आणि याची वाच्यता नको. आमचं काही जात नाही, तुमचीच अब्रू जाईल."

"साहेब, उशी चोरून मी काय करू?" राखणदार म्हणाला. "आमच्याकडे सगळे चटईवर झोपतात. आणि आईला घेऊन कुठे जाऊ हो मी?"

टॉर्चकाका उठून चालू लागले. मला माहीत होतं कोण चोर ते! मी आतल्या आत ओरडत होते, की अरे, ती आरसेबाई, ती पायपेटीवाली! पण आम्हा उशांना तोंड कुठे असतं. दुसऱ्या दिवशी राखणदाराची बायको बाक पुसताना थांबली, माझ्याजवळच्या बाकावर डोकं टेकलं आणि पदर तोंडात धरून रडली. अब्रूच्या भीतीने तिने कोणाला चकार शब्द सांगितला नाही.

शनिवार उजाडला. दुपारी बाजूचं दार किरकिरलं आणि टॉर्चकाका चोरपावलांनी आत आले. चोर रंगेहाथ पकडायचा, हा त्यांचा बेत. लपायचं तर खाली बसायला हवं, म्हणून ते माझ्या बाकात शिरले. त्यांनी मला हुकावरून काढून खाली टाकलं, बाक धरला आणि वाकायला गेले. तेवढ्यात धरलेला हात निसटला. उजवा गुडघा सगळ्या वजनानिशी खाली आला, थेट माझ्यावर.

त्यांनी डोळे गच्च मिटले, दात आवळले. "आई गं" अगदी ओठांवर आलं होतं. पण गुडघा नेमका त्या खळग्यात बसला होता. भोवती मऊ, आणि गुडघ्याच्या वाटीखाली काही नाही. त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. जरासं वजन टाकून बघितलं. आणखी टाकून बघितलं. कपाळावर घामाचा टिपूस नाही.

काळीज असतं तर माझं तिथे चर्र झालं असतं. म्हणजे तो गुडघा दुखत होता! इतकी वर्षं मी ज्याला ताठा समजत होते, तो ठणका होता. पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं, की गोदामात शिडीवरून पडून वाटी फुटली होती आणि नोकरी जाईल या भीतीने त्यांनी ती लपवली होती. लपवता लपवता सवयच झाली. घरीसुद्धा कोणाला पत्ता नव्हता.

त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून बघितलं. आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते उठून दुसऱ्या बाकावर खिडकीशी गेले. मास्तरांची उशी त्यांनी कितीदा तरी हाताने दाबली होती. आज तिच्यावर गुडघे टेकले. डावा गुडघा उंच राहिला. ते हवेत बघत पुटपुटले, "मास्तर पायरी उतरताना डावा पाय वाकवतच नाहीत. आणि मी मागून म्हणतो, चला, चला लवकर." मग नर्सताईंची जागा. तिथे मागच्या वळकटीवर त्यांची पावलं अलगद टेकली. दिवसभर उभं राहून त्या बाईचे पाय किती सुजत असतील, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते लगेच उठले नाहीत. मग बेकरीवाल्यांची टणक उशी. एवढा वजनदार माणूस, मऊ उशीत रुतला तर उठणार कसा? एकेका जागेवर ते गुडघे टेकत गेले, आणि दर वेळी "अरे" म्हणत गेले. ज्या चर्चमध्ये ते इतकी वर्षं सगळ्यांवर नजर ठेवून होते, तिथली माणसं त्यांना त्या दुपारी कळत होती.

शेवटच्या बाकाशी पोचले, तर तिथला हूक रिकामा. ते तिथेच फरशीवर गुडघे टेकून राहिले. इतक्यात आधी अत्तराचा वास आला, मग आरसेबाई आल्या. काखेत पिशवी, पिशवीत निळी उशी.

"अगं बाई! कोण आहे तिथे?"

"मी आहे."

"तुम्ही? पडलात की काय?"

"नाही. गुडघे टेकलेत."

"शनिवारी? भर दुपारी?" बाई म्हणाल्या. "काहीतरी मोठं पाप घडलेलं दिसतंय."

टॉर्चकाका हसले नाहीत. "ती उशी तुमच्याकडे कशी?"

"चोरली."

"चेष्टा नको."

"मग काय सांगू? नेली, उसवली, भरली, आणली. राखणदाराच्या ह्या उशीची तर पार चिंधी झाली होती. सगळ्यांच्या आधी येऊन हा गडी किती वेळ गुडघ्यावर असतो, ठाऊक आहे?"

"विचारून का नाही नेल्यात?"

"विचारलं असतं तर मास्तर म्हणाले असते, मला काय धाड भरलीय! नर्सताई म्हणाल्या असत्या, आधी इतरांचं बघा. आणि तुम्ही तर चौकशीच लावली असती." बाई बाकावर टेकल्या. "माझी आईच बघा ना. शेवटी शेवटी गुडघे टेकता येईनात तिला. पण सांगेल तर शपथ. 'मी लहान मुलांना सांभाळते' म्हणत बाहेर उभी राहायची प्रार्थनेला. ती गेल्यावर कळलं मला. तेव्हा नाही पाहिलं, म्हणून आता बघते."

"माझा गुडघा कोणालाच माहीत नाही," टॉर्चकाका हळू म्हणाले.

"आरशाला माहीत आहे. तुम्ही सगळे डोळे मिटता. मला भाता मारत राहावं लागतं, मिटून कसं चालेल? पंखा बरोबर तुमच्या डोक्यावर, आणि घाम सगळ्यात जास्त तुम्हाला. तेव्हाच ओळखलं."

टॉर्चकाकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग राखणदाराचं सगळं सांगितलं. खोल्या, रविवार, अब्रू, सगळं. आरसेबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. "माझ्या उशांपायी? अहो, म्हातारी आहे घरात त्याच्या!" त्या ताडकन उठल्या. "मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते."

"नका सांगू." टॉर्चकाका बाकाला धरून उठले. "तुम्ही सांगितलंत की मंडळी तुमचा सत्कार करतील, हार घालतील. आणि मास्तर उद्यापासून ती उशी पायानेसुद्धा शिवणार नाहीत. चूक तुमची नाही. मी निस्तरतो."

"लोक तुम्हाला हसतील."

"हसू देत."

त्यांनी राखणदाराची उशी आपल्या हाताने हुकावर अडकवली आणि मागच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं, माझ्या बाकावरून मला सगळं दिसत होतं. आत वळकट्या बांधून ठेवलेल्या, भांड्यांचं गाठोडं झालेलं. राखणदार त्यांना बघून उभा राहिला.

"मी तुम्हाला चोर ठरवलं," टॉर्चकाका म्हणाले. "ते खोटं होतं. माझं चुकलं. माफ करा मला."

"मग कोणी नेल्या साहेब उशा?"

"चोर नव्हताच कोणी. मीच नीट पाहिलं नाही."

राखणदार पायरीवर मटकन बसला. आतून त्याच्या बायकोने विचारलं, "अहो, गाठोडं सोडू का?" टॉर्चकाका म्हणाले, "सोडा, वहिनी." आणि ते तिथेच त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

रविवारी सूचनांच्या वेळी ते सगळ्यांपुढे उभे राहिले. राखणदारावर आपण खोटा आळ घेतला, सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो, एवढंच बोलले. "मग चोर?" कोणीतरी विचारलं. "नाही. चोर नाही," ते म्हणाले. मागे खसखस पिकली. "टॉर्चची बॅटरी उतरली रे!" त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते गप्प आपल्या जागी आले. पेटी वाजायला लागली. प्रार्थनेला त्यांनी मला खाली ठेवलं आणि दोन्ही गुडघे टेकले, पुऱ्या वजनाने. मी क्षुद्र किड्याची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. खिडकीतलं कबूतरसुद्धा जागचं हललं नाही.

पुढे काही रविवार मला एक गोष्ट खटकत होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि टॉर्चकाकांचे उघडे! आणि बघतायत कुठे, तर पायपेटीकडे. मी म्हटलं, हा माणूस पुन्हा सुरू झाला. मग मीही तिकडे बघितलं. आरसेबाई बसायच्या ते स्टूल नुसतं लाकडी होतं. भाता मारताना त्या एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर सरकत होत्या. इतक्या जणांच्या उशा त्यांनी केल्या, आणि स्वतःखाली साधी चिंधी नव्हती. हे मी इतकी वर्षं समोर लटकून पाहिलं नव्हतं, मित्रांनो.

तर तुम्हाला सांगायचं ते हेच. आम्हाला बूट पुसू नका, ढाली करू नका, काम झालं की हुकाला अडकवा. आणि कोणाविषयी मनात काही आलं, तर बोटाने दाबून ठरवू नका. एकदा त्याच्या जागी जाऊन गुडघे टेकून बघा. मी काही फार सुधारलेय असं समजू नका, माझा संशयी स्वभाव काही जात नाही. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी लपवलेलं असतं, असं मला अजून वाटतंच. फक्त ते वाईटच असेल, असं आता वाटत नाही.

गेल्या रविवारी आरसेबाई आल्या, तर त्यांच्या स्टुलावर एक उशी होती. इतकी बेढब उशी मी जन्मात पाहिली नाही. टाके वाकडेतिकडे, एका कोपऱ्यातून कापूस डोकावतोय, नाडी भलत्याच जागी. बाईंनी ती उचलली, उलटी करून बघितली, आरशात मागे एक नजर टाकली आणि तिच्यावर बसल्या. त्या दिवशी एकदाही सरकल्या नाहीत.

टॉर्चकाकांनी मला खाली ठेवलं, तेव्हा त्यांच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मी कोणाचं नाव घेत नाही. माझा आपला संशय आहे.